दोषवहीतील एक खाडाखोड

मंगळवार, दि. १३ नोव्हेंबर २०१८

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. म्हणूनच ती अधिक शुद्ध लिहिली पाहिजे. परीक्षक आणि परीक्षार्थी एकच असला, म्हणजे सवलतीचा मोह फार होतो.

आज गाडीच्या डिझेल-टाकीचे झाकण बदलले. जुने दोन वर्षे ढिले होते. वळणावर डिझेलचा वास येई आणि पत्नी विजयमाला पदर नाकाला लावी. ढिलेपणा मला कोठेच सोसत नाही. वाक्यात नाही आणि वस्तूतही नाही. डहाणू रोडच्या बाजारातून किल्लीचे नवे झाकण आणले. आत रबराची जाड चकती आहे. बसवून तीनदा हलवून पाहिले. आता डिझेलच काय, वारादेखील आत-बाहेर करू शकणार नाही.

गाडी २००६ सालची; चारही चाकांना जोर देणारी. लोक तिला 'फोर बाय फोर' म्हणतात, मी 'चतुश्चक्री' म्हणतो. दिवाळीला आलेला देवेश जाताना म्हणाला, "बाबा, एकाहत्तराव्या वर्षी लोक अशी गाडी विकतात." मी त्याला कारण सांगितले, तो ते जाणतो, तरी पुन्हा सांगितले. तलासरीच्या पुढे डांबरी रस्ता सोडला, की वरच्या पाड्यापर्यंत सहा किलोमीटर दगडांचा चढ आहे. दर रविवारी मी तेथे दहावीचा वर्ग घेतो. अकरा स्त्रिया येतात. त्यांतील नवशी येत्या मार्चमध्ये बाहेरून परीक्षेस बसणार आहे. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. दहावी उत्तीर्ण झाली, तर सेविका होईल. त्या चढावर दुसरे वाहन जात नाही, आणि माझे गुडघे चालत जाऊ देत नाहीत. गाडी गेली, तर वर्ग गेला. इतके सरळ वाक्य देवेशला कळू नये, याचे नवल वाटते.

रविवार, दि. १८ नोव्हेंबर २०१८

चौथ्या किलोमीटरच्या वळणावर गाडी बंद पडली. आधी जोर कमी झाला, मग इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबले. मी ब्रेक दाबला, परंतु तेवढ्यात गाडी दोन हात मागे सरकली आणि विजयमालेचे कपाळ समोरच्या काचेच्या चौकटीवर आपटले. लिंबाएवढे टेंगूळ आले.

पंचवीस मिनिटे दगडावर बसून राहिलो. नंतर किल्ली फिरवताच गाडी निमूटपणे सुरू झाली. उतरताना काहीही झाले नाही.

वर्गास नऊ जणी उपस्थित. दोघी भूकंपाच्या धास्तीने आल्या नसाव्यात. या आठवड्यात जमीन तीनदा हलली.

मंगळवार, दि. २० नोव्हेंबर २०१८

गाडी तलासरीस चिमणकडे नेली. चिमण हा हायवेलगतच्या गॅरेजचा मालक. मूळचा वरच्या पाड्याचाच. गुजरातेत उमरगाव-भिलाडकडच्या गॅरेजांत पंधरा वर्षे काम करून परतलेला. हाताला चांगला, भाषेची मात्र पुरती आबाळ. 'म्हणालो' या शब्दाऐवजी तो 'बोललो' वापरतो आणि 'ळ' हे अक्षर त्याने कधी वापरले, कधी टाकले, असे चालते.

मी गाडीसाठी एक दोषवही ठेवली आहे. तीत तीन रकाने आहेत : लक्षण, दोष, उपाय. जो गाडी तपासेल, त्याने पूर्ण वाक्यात लिहायचे. चिमणने माझे सारे ऐकून घेतले, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि पहिल्या रकान्यात लिहिले : 'गाडी चढावर गुंगळाते.'

मी विचारले, "गुंगळाते म्हणजे काय?"

"म्हणजे गुंगळाते सर. आता कसा सांगू? जीव असा…" त्याने स्वतःच्या गळ्याशी हात नेला.

"असे क्रियापद मराठीत नाही. 'गुंगी' आहे, त्यावरून 'गुंगते'. शिवाय गुंगी हा सजीवाचा धर्म. गाडीला तो लक्षणेनेच लावता येईल."

मी लाल शाईने 'ळा' खोडला. 'गाडी चढावर गुंगते.' वाक्य लगेच उभे राहिले. चिमणने ते वाचले आणि मान हलवली. "तुमी बोलाल तसा, सर. मी जरा मागं टाकीकडं बघू?"

"नाही. आधी निदान, मग उपचार. गुंगते, याचा अर्थ इंजिनाला मधूनच भान राहत नाही. हा विजेचा किंवा संगणकाचा दोष दिसतो. या गाडीत छोटा संगणक आहे. त्याला विचारणारे यंत्र मी आणीन. तोवर कोणीही कशालाही हात लावायचा नाही."

"स्कॅनर होय? माज्याकडं नाय तो. आनला तर बरा." तो हसला. मग बराच वेळ एक पाना पुसत राहिला.

सोमवार, दि. २६ नोव्हेंबर २०१८

विजयमालेने टेंगुळाची वार्ता देवेशला कळवली. मी कळवली नसती. रात्रीचा फोन लांबला.

"आईला घेऊन तुम्ही त्या घाटात अडकता, खाली जमीन हलते, आणि तुम्ही मला व्याकरण सांगता!"

"मी तुला फक्त 'मागे सरकली' आणि 'मागे गेली' यांतील फरक सांगितला."

अखेर तडजोड झाली. मी सुचवले, की ती लेखी असावी. मजकूर मीच सांगितला आणि त्याने तो संदेशाने परत पाठवला : 'फेब्रुवारीअखेरपर्यंत दोष सापडला नाही, तर गाडी विकण्यात येईल.' अवघे आठ शब्द. फटीला जागा नाही. सिल्वासाचे एक गिऱ्हाईक त्याच्या पाहण्यात आहे म्हणे. असू दे. तीन महिने पुष्कळ झाले.

शनिवार, दि. ८ डिसेंबर २०१८

देवेशने कुरियरने पहिले यंत्र पाठवले. अंगठ्याएवढे, निळे, पारदर्शक. स्टिअरिंगखालच्या सोळा छिद्रांच्या खोबणीत ते खोचायचे आणि मोबाइलवर वाचायचे. ॲपमध्ये भाषा निवडता येते. 'मराठी' पाहून मला आनंद झाला. तो आनंद पुढील वाक्यापर्यंत टिकला : 'वाहन जोडू अयशस्वी. कृपया इग्निशन वर ठेवा.'

कशाच्या वर ठेवायचे?

चार वेळा खोचले, चार वेळा तेच वाक्य. विजयमाला म्हणाली, "अहो, मराठी वाईट आहे म्हणून यंत्र वाईट ठरत नाही." मी तिला सांगितले, की या ठिकाणी दोन्ही वाईट आहेत. गाडी आणि यंत्र यांची ओळखच झाली नाही. देवेशला परत पाठवून दिले, सोबत त्या वाक्याची दुरुस्ती लिहून.

शुक्रवार, दि. १४ डिसेंबर २०१८

वापीस गेलो. स्वतः गाडी घेऊन गेलो. सपाटीवर ती कधीच अडत नाही. अशी यंत्रे विकणारे मोठे दुकान आहे. काउंटरवरचा तरुण चटपटीत होता.

"काका, कौनसा मॉडेल?"

मी मराठीत सांगितले. डहाणूस येऊन मला सत्तेचाळीस वर्षे झाली. मूळ गाव मिरजेकडचे. सासुरवाड घोलवडची; विजयमाला तेथे चिकूच्या वाडीत आणि गुजराती शेजारात वाढलेली. तरी मी आजवर गुजराती शब्द जिभेला लागू दिलेला नाही. दुकानात मी मराठी बोलतो, समोरचा हवे ते बोलतो, आणि व्यवहार होतो.

त्याने पाटीएवढा एक पडदा समोर ठेवला. त्यात ऐंशी कंपन्यांच्या गाड्या आहेत, रंगीत चित्रे आहेत, छपाईदेखील होते. मी विचारले, "माझ्या गाडीचे वर्ष यादीत दाखव." त्याने शोधले. वर्ष २०१० पासून पुढे होते. तो म्हणाला, "पुरानी गाडी का लफडा है काका. आधी सगळ्या कंपन्यांची गाडी आपली आपली भाषा बोलायची. आता सब एक भाषा बोलते."

त्या वाक्याने माझे सारे काम सोपे केले. मी तेथेच तीन कसोट्या ठरवल्या. यंत्रास माझ्या गाडीची जुनी बोली आली पाहिजे. त्याने केवळ इंजिनाचे नव्हे, तर चारही चाकांच्या जोडणीचेही वाचले पाहिजे. आणि त्याने साठवलेले दोषच नव्हेत, तर धावत्या गाडीची चालू मोजमापेही दाखवली पाहिजेत. पडद्याचा आकार, रंग आणि छपाई या गोष्टी गौण.

"ज्याला समोरच्याची बोली कळत नाही, त्याने दोष काढू नये," असे मी त्यास म्हणालो. त्याला ते पटले. त्याने चहा मागवला.

कपाटामागून एक ओबडधोबड यंत्र निघाले : काळे, वायरीचे, चार ओळींच्या पडद्याचे, केवळ इंग्रजी. यादीत माझ्या गाडीचे नाव, वर्ष, सारे आहे म्हणे. "म्हणे" मला चालत नाही. मी ते बाहेर माझ्या गाडीस लावून दाखवण्यास सांगितले. त्याची वायर आखूड निघाली. लांब वायर अहमदाबादहून येईल. सांगून आलो. लावून पाहिल्याखेरीज घेणार नाही, हेही सांगून आलो.

रविवार, दि. २३ डिसेंबर २०१८

गाडी आज वर पोहोचली. वाटेत अडली नाही, कारण मी चार किलोमीटरवर स्वतःच अर्धा तास थांबवली. हा उपाय नव्हे. ही शरणागती.

वर्गास आठ जणी. सकर्मक आणि अकर्मक क्रियापदे शिकवली. फळ्यावर लिहिले : 'दार उघडले.'

"यात कर्ता कोण?"

कोणी बोलेना. या स्त्रिया स्वभावतःच अबोल असाव्यात. शेवटी नवशी म्हणाली, "दार."

"बरोबर. दार आपणहून उघडले, तर क्रियापद अकर्मक. परंतु 'मी दार उघडले', येथे कर्ता मी, दार हे कर्म, क्रियापद सकर्मक. रूप तेच, अर्थ निराळा. म्हणून नेहमी विचारावे : हे झाले, की कोणी केले?"

"पन सर, दार आपनहून कसा उघडंल? वारा तरी लागंल ना."

"'पण'. 'आपणहून'. 'उघडेल'."

ती खाली बसली. प्रश्न चांगला होता. उत्तर द्यायचे राहून गेले.

वर्ग सुटल्यावर मी गाडीत कागदपत्रे लावत होतो. विजयमाला नवशीच्या ओट्यावर बसली होती. तेथून इतका हशा येत होता, की मला वाटले, आणखी कोणी पाहुण्या आल्या असतील. पाहिले, तर त्याच आठ जणी.

शनिवार, दि. ५ जानेवारी २०१९

वापीस जाऊन यंत्र आणले. लावून पाहिले, तीन सेकंदांत गाडी बोलू लागली. मी निवड अचूक केली, हे येथे नोंदवतो.

घरी आल्यावर विधिवत तपासणी केली. इंजिन : दोष शून्य. चाकांची जोडणी : दोष शून्य. ब्रेक : दोष शून्य. आनंदाच्या भरात मी देवेशला फोन केला.

"बाबा, म्हणजे दोष सापडला नाही."

"दोष नाही, असे यंत्र म्हणते."

"पण गाडी बंद पडते ना?"

"पडते."

"मग दोष आहे आणि तो सापडला नाही. तुमचंच वाक्य आहे. वाचून दाखवू?"

मी म्हणालो, की 'दोष नसणे' आणि 'दोष न सापडणे' ही दोन भिन्न विधाने आहेत. तो म्हणाला, "हो ना, तेच म्हणतोय." माझा मुलगा तर्कात माझ्यावर गेला आहे. ही गोष्ट आज प्रथमच अडचणीची ठरली.

सोमवार, दि. ७ जानेवारी २०१९

झोप नीट लागली नाही. यंत्र चुकीचे नाही, याची मला खात्री आहे. मग प्रश्न चुकीचा विचारला जात असावा.

रविवार, दि. २० जानेवारी २०१९

तिसरी कसोटी कामास आली. साठवलेला दोष नसेल, तर चालू मोजमापे पाहावीत. यंत्र विजयमालेच्या मांडीवर दिले. मी गाडी चालवली आणि तिने इंधनाच्या दाबाचा आकडा मोठ्याने वाचला. तिचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून माझा दिला. त्यामुळे मला रस्ता काहीसा अंदाजाने पाहावा लागला. हे देवेशला कळवायचे नाही.

"सहाशे. सहाशे दहा. अहो, दगड! सहाशेच. पाचशे ऐंशी… पाचशे… चारशे… अहो, पडतोय हो, पडतोय!"

आणि गाडी थांबली. मी अत्यंत प्रसन्न झालो. तिने यंत्र खाली ठेवले. "बंद पडली, आणि तुम्ही हसताय?"

"आज ती पुराव्यानिशी बंद पडली."

इंजिनास डिझेल पोहोचत नाही, एवढे सिद्ध झाले. अर्थात, गुंगी विजेची नव्हे, उपासमारीची आहे. दोषवहीत तशी नोंद केली. चिमणला दूरध्वनीवरून गाळणी बदलण्याचे काम दिले. तो म्हणाला, "गालनी बदलतो सर. पन मी पयलाच लिवलाय ना वहीत."

"ते दुरुस्त केले आहे," मी म्हणालो.

शनिवार, दि. २ फेब्रुवारी २०१९

कालचे हादरे मोठे होते. स्वयंपाकघराच्या भिंतीस वीतभर चीर गेली. पाड्यावरील लोक घराबाहेर ताडपत्रीखाली झोपत आहेत. आम्हीही अंगणात खाट टाकली. देवेशचा दिवसातून तीनदा फोन येतो : ठाण्यास या. विजयमाला म्हणाली, "नवशीची परीक्षा झाली, की येतो." मी तसे म्हटले नव्हते, परंतु तिने माझ्या वतीने ते बरोबर म्हटले.

गाळणी बदलून झाली आहे.

रविवार, दि. १० फेब्रुवारी २०१९

गाळणी नवी, दाब तोच. त्याच वळणावर चारशे, तीनशे, बंद. आता पंप बदलावा लागेल, आणि पंपाचे काम फेब्रुवारीत होणार नाही.

वर्गास पाच जणी. भूकंपाने लोकांची अभ्यासातील गोडी गेली. नवशीने निबंधात 'माझी आय' लिहिले होते. मी 'आई' केले. एका पानावर सव्वीस दुरुस्त्या झाल्या. वही परत घेताना ती म्हणाली, "सर, मी या वर्षी बसू का नको?"

"अर्थात बसायचे."

"नाय, म्हंजे… तुमी पन किती दिवस येनार. गाडी इकनार ना?"

हे तिला कोणी सांगितले, ते मी विचारले नाही. विजयमाला खिडकीबाहेर पाहत होती. मी म्हणालो, "दोष सापडेल." वाक्य बरोबर होते. कर्ता मात्र त्यात नव्हता.

सिल्वासाचे गिऱ्हाईक २८ तारखेस गाडी पाहण्यास येणार.

रविवार, दि. २४ फेब्रुवारी २०१९

आजची नोंद क्रमाने करतो, कारण क्रमालाच अर्थ आहे.

परीक्षेपूर्वीचा शेवटचा रविवार. चौथ्या किलोमीटरवर गाडी थांबली. मी दगडावर बसलो. विजयमाला आकडा नोंदवण्यासाठी दोषवही उघडून बसली, आणि पहिल्याच पानावर अडकली.

"अहो, हे 'गुंगळाते' कोणी लिहिलंय?"

"चिमणने."

"आणि खोडलं कोणी?"

"मी. तसा शब्द नाही."

तिने चष्मा काढला. "अहो, गुंगळाय! जीव गुंगळाय! आमच्या घोलवडला शेजारची हंसाबेन रोज म्हणायची, खिडकी उघड, गुंगळाय छे. गुदमरतं म्हणत होता तो. गाडी गुदमरते!"

"गुदमरते," मी म्हणालो.

"तीन महिने तुम्ही गाडीला झोप आली म्हणून शोधताय, आणि तो सांगतोय, तिला वारा नाही!" ती उतरली. मागच्या चाकापाशी गेली आणि हात पुढे केला. "ते नवं झाकण. किल्ली द्या."

मी किल्ली दिली. झाकण अर्धे फिरताच टाकीतून आवाज आला. पुष्कळ वेळ पाण्याखाली राहिलेला माणूस वर आल्यावर जसा पहिला श्वास आत ओढतो, तसा. (ही उपमा आहे, येथे लक्षणेची गरज नाही.) दोन-तीन सेकंद तो आवाज चालला. नंतर मी किल्ली फिरवली. पंचवीस मिनिटे लागली नाहीत. पंचवीस सेकंदही लागले नाहीत.

दरम्यान वरच्यांनी इंजिनाचा आवाज थांबलेला ऐकला होता. नवशी आणि इतर आठ जणी वह्या घेऊन उतरून आल्या. विजयमालेने त्यांना सारा प्रकार सांगितला. माझा भागही वगळला नाही. एक जण इतकी हसली, की तिला खाली बसावे लागले. नवशी म्हणाली, "सर, आमाला पन गुंगळाय माहीत होता. विचारला नाय कोनी."

वर्ग तेथेच, रस्त्याच्या कडेला झाला. नऊ जणी, दोन महिन्यांतील सर्वाधिक. मोकळ्या जागेत लोकांना उत्साह येतो, असे दिसते. मी झाकण नुसते टेकवून ठेवले आणि गाडी वरपर्यंत नेली. नऊच्या नऊ जणी मागे बसल्या होत्या. आकडा सहाशेच्या खाली आला नाही.

सोमवार, दि. २५ फेब्रुवारी २०१९

चिमणने टाकीच्या वरची बारीक नळी काढून दाखवली. टाकीत हवा जाण्याची ती मूळ वाट. कुंभारीण माशीने तिच्या तोंडाशी मातीचे घर बांधले होते. घर वाळून दगड झालेले. चिमण म्हणाला, की ते वर्षा-दोन वर्षांचे जुने असावे.

"मग इतके दिवस गाडी कशी चालली?"

"जुना झाकन ढिला होता ना सर. तितूनच वारा घेत होती. तुमी टाइट लावला, मंग गुंगलाली." त्याने माझ्याकडे चोरून पाहिले. "म्हंजे, गुंगली."

"नाही," मी म्हणालो. "पहिले बरोबर होते."

त्याने पाना खाली ठेवला.

मी त्याला विचारले, की त्याने त्याच दिवशी स्पष्ट का सांगितले नाही. त्यावर तो सहज म्हणाला, "सांगत होतो ना. तुमी शुद्द केला. मला वाटला, मास्तरांच्या भाषेत गाडीला दुसरा काय होत असंल."

घरी येऊन देवेशला कळवले : दोष सापडला. त्याने विचारले, "कोणाला?" मी म्हणालो, "करारात कर्त्याचा उल्लेख नाही." तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "सिल्वासावाल्याला नको म्हणून सांगतो. पण बाबा, आईला चष्मा द्या तिचा." हे त्याला कसे कळले, ते मी जाणतो.

शुक्रवार, दि. १ मार्च २०१९

पहाटे साडेपाचला निघालो. यंत्र सोबत नेले होते, लावले नाही. वरचा पाडा एका दमात. नवशी नवी साडी नेसून ताडपत्रीपाशी उभी होती. सोबत सगळा पाडा. एका म्हातारीने गाडीच्या बोनेटला हळद लावली. ती मी पुसली नाही. रंगास अपाय होत नाही.

उतरताना नवशी म्हणाली, "सर, आज गाडी गुंगली नाय का?"

विजयमाला आधी हसली. मग मी.

तलासरीतल्या केंद्रावर तिला सोडले. मराठीचाच पेपर. फाटकातून आत जाताना ती वळली. मी शेवटची सूचना देण्यासाठी तोंड उघडले, आणि विजयमालेने माझ्या दंडावर हात ठेवला. सूचना तशी महत्त्वाची होती, अनुस्वाराविषयी होती. नवशी आत गेली.

तीन तास चिमणच्या गॅरेजमध्ये बसलो. दोषवहीतील शेवटचा रकाना भरायचा राहिला होता. मी म्हणालो, "उपाय तू केलास, तूच लिही." त्याने हात पुसले आणि फार वेळ घेऊन लिहिले :

'वारा जायची वाट मोकली केली. आता गाडी गुंगळात नाय.'

तेवढ्यात पेपर सुटल्याचा गलका ऐकू आला. विजयमाला रस्त्याकडे धावली. थोड्या वेळाने नवशी तिच्यासोबत आली, घामाने भिजलेली, हातात प्रश्नपत्रिका. "सर, निबंद दोन पानं लिवला! पुरवनी मागितली!"

निबंधाचा विषय मी विचारला. शुद्धलेखन विचारले नाही.

त्या दोघी चहा घेत असताना मी पुन्हा वही उघडली. पहिल्या पानावरील 'गुंगते' खोडून त्यावर 'गुंगळाते' लिहिले, आणि समासात 'मूळ पाठ योग्य' असे लिहून सही केली. नंतर शेवटचा रकाना पाहिला. दोन वाक्यांत निदान दोन दुरुस्त्या होत्या. 'मोकली' तर उघडच. लाल पेन खिशात होते.

पेनचे टोपण उघडले नाही. (येथे क्रियापद सकर्मक, कर्ता मी.)